दोरीचे दुसरे टोक

भोपाळचे नाव घेतले की मराठी वाचकास प्रथम आठवतो तो पहिल्या बाजीरावाचा १७३७ सालचा वेढा. निजामाला भोपाळच्या कोटाआड कोंडून, त्याची रसद तोडून, ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा सराई येथे तह झाला व माळव्यावरील मराठ्यांचा हक्क निजामाकडून मान्य करून घेण्यात आला, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. ज्या दोराह्यात तो तह झाला ते गाव आज मध्यप्रदेशाच्या सीहोर जिल्ह्यात मोडते. याच जिल्ह्यातील एका खेड्यातला कपिल परमार हा दृष्टिहीन तरुण ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिक सामन्यांत ज्यूदोच्या गादीवर उतरला आणि ६० किलो वजनाच्या गटात कांस्यपदक घेऊन परतला. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, ज्यूदोत भारताला मिळालेले हे पहिलेच पदक.

सीहोर ते भोपाळ हा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांचा. मॅरेथॉनचे ठरलेले अंतर ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे त्याहून थोडेसेच अधिक. हा योगायोग आम्हांस सुचला तेव्हा त्यामागोमाग एक प्रश्नही उभा राहिला. अंधांच्या क्रीडांचा विषय निघाला की सामान्य माणसाच्या मनात पहिल्याने येते ते धावणे. धावायला काय लागते? दोन पाय आणि छातीत दम. चेंडू नको, जाळी नको, महागडी साधने नकोत. मग मध्यप्रदेशातील गरीब घरच्या अंध मुलामुलींना जगाच्या क्रीडांगणापर्यंत नेणारी वाट रस्त्यावरून न जाता गादीवरून का गेली? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास अंधांच्या दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा इतिहासच उलगडावा लागतो; आणि तो इतिहास धावणाऱ्याचा जेवढा आहे तेवढाच त्याच्या शेजारून धावणाऱ्याचा आहे.

ज्या पॅरिसमध्ये कपिलने पदक मिळवले, त्याच नगरीत अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेंतिन आउई याने अंधांसाठी शाळा काढली व पुढे त्याच शाळेत लुई ब्रेल शिकला. अंधांना अक्षरे शिकविता येतात हे तेव्हा सिद्ध झाले. त्यांना धावताही येईल हा विचार सुचावयास आणखी शतकभर जावे लागले. आपल्याकडे १८८७ साली अमृतसरला व १९०० च्या सुमारास मुंबईस अंधशाळा निघाल्या. त्यांच्या दिनक्रमात वेतकाम होते, विणकाम होते, संगीत तर होतेच. अंगमेहनतीचा खेळ मात्र क्वचित. अंध मूल पडेल, त्याला लागेल, ही भीती शिक्षकांच्या प्रेमातूनच उपजलेली होती. परंतु प्रेमातून उपजलेली भीतीदेखील माणसाला खुर्चीला जखडून ठेवते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील काही अंधशाळांनी एक युक्ती काढली. मैदानावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार ताणून बांधायची, तारेत कडी ओवायची, आणि कडीला लोंबणारी दोरी हातात धरून मुलाने धावायचे. तार सरळ, म्हणून धाव सरळ. या तारेने अंध मुलास प्रथमच कोणाचा हात न धरता जिवाच्या आकांताने धावण्याचे सुख दिले, हे तिचे ऋण मोठे आहे. पण तारेला वळण ठाऊक नसते. शंभर यार्डांची धाव तिच्यावर भागते. गावच्या रस्त्याला, चढाला, गर्दीला ती निरुपयोगी. दूर पल्ल्याला माणूसच हवा, हे तेव्हापासूनच स्पष्ट होते.

तसा माणूस संघटितपणे मिळू लागला तो पहिल्या महायुद्धानंतर. विषारी वायूने व तोफगोळ्यांनी आंधळे झालेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअर्सन या वृत्तपत्रकाराने १९१५ साली लंडनमध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था उभारली. पिअर्सन स्वतः दृष्टी गमावून बसले होते. या संस्थेतील सैनिक नावा वल्हवू लागले, आणि डोळस सोबत्याला बरोबर घेऊन लांबवर चालण्याच्या शर्यती लावू लागले. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठी डेहराडूनला याच संस्थेच्या नावाने वसतिगृह निघाले व त्यातून पुढे तेथील राष्ट्रीय संस्था वाढली, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. तथापि चालण्याच्या शर्यतींची परंपरा मात्र डेहराडूनहून देशभर पसरली नाही. आली ती लिपी, आले ते हस्तोद्योग. सोबती काही आला नाही.

१९७६ साली टोरांटोच्या अपंगांच्या जागतिक सामन्यांत अंधांना प्रथमच प्रवेश मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी सान फ्रान्सिस्कोच्या हॅरी कॉर्डेलोस या पूर्ण अंध गृहस्थाने बोस्टनची मॅरेथॉन डोळस सोबत्यासह २ तास ५७ मिनिटे ४२ सेकंदांत पुरी केली होती. तीन तासांच्या आत मॅरेथॉन धावणे हे डोळस हौशी धावपटूंचे आयुष्यभराचे स्वप्न असते, एवढे सांगितले म्हणजे या आकड्याचे वजन कळेल. १९८१ साली पॅरिस येथेच अंधांच्या क्रीडांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि नियमांची घडी बसू लागली.

हे नियम वाचण्यासारखे आहेत, कारण त्यांत माणसामाणसांतल्या नात्याविषयी बराच विचार केलेला आढळतो. अंध खेळाडूंचे तीन वर्ग. पूर्ण अंधांचा तो टी-११. यांनी डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी बांधलीच पाहिजे, म्हणजे प्रकाशाची तिरीपही कोणास दुसऱ्यापेक्षा अधिक मिळावयाची नाही. यांना सोबती अनिवार्य. टी-१२ हा अत्यल्प दृष्टी असणाऱ्यांचा. यांना सोबती घेण्याची मुभा. टी-१३ मध्ये सोबती नाही. धावणारा व सोबती यांच्या हातांत एक आखूड दोरी असते. तिची लांबी ताणूनही तीस सेंटिमीटरांहून अधिक असता कामा नये. सोबत्याने खेळाडूस ओढायचे नाही, ढकलायचे नाही, आणि शेवटची रेषा त्याच्या आधी ओलांडायची नाही. मॅरेथॉनमध्ये सोबती बदलता येतो, पण तोही १०, २० व ३० किलोमीटरांच्या खुणेवरच. इंग्रजीतला या माणसाचा शब्द वाट दाखविणारा अशा अर्थाचा आहे. जपानी भाषेत त्या कामाला 'बान्सो' म्हणतात, म्हणजे बरोबरीने धावणे. आम्हांस आपला 'सांगाती' हा जुना शब्द यासाठी अधिक गोड वाटतो. गोव्याकडील आमचे वाचक 'वांगडी' म्हणतील, आणि तोही शब्द तितकाच नेमका आहे.

सांगात्याने करायचे काय? वळण आले की सांगायचे, चढ लागला की सांगायचे, पुढे खड्डा आहे, डावीकडून कोणी पुढे जात आहे, पाण्याचा पेला उजव्या हाताशी येत आहे, प्रतिस्पर्धी किती पावले मागे आहे, हे सारे धापा न टाकता सांगायचे. पावलाला पाऊल जुळवायचे. आणि ज्याच्याबरोबर धावायचे त्याच्याहून आपला वेग अधिक राखायचा. कारण जो स्वतःच शिकस्तीने धावत आहे त्याला बोलण्यापुरता श्वास उरत नाही. म्हणजे अंध धावपटू जितका चांगला, तितका त्याला सांगाती मिळणे कठीण! सांख्यांनी प्रकृती व पुरुष यांच्यासाठी अंधपंगुन्याय सांगितला: आंधळ्याने पांगळ्यास खांद्यावर घ्यावे, पांगळ्याने वाट दाखवावी, दोघांचेही उणे भरून निघते. दृष्टांत सुंदर आहे, पण धावण्याच्या रस्त्यावर तो लागू पडत नाही. येथे सांगाती पांगळा असून चालत नाही. त्याचे काही उणे नाही, त्याला काही भरून मिळवायचे नाही. त्याने स्वतःची शर्यत बाजूला ठेवून दुसऱ्याची धावायची असते.

केनियाच्या हेन्री वान्योइके याची कथा या बाबतीत फार बोलकी आहे. किकुयू गावचा हा गरीब घरचा तरुण चांगला धावत असे. १९९५ साली पक्षाघाताच्या झटक्याने एका रात्रीत त्याची जवळजवळ सगळी दृष्टी गेली. तो अंधांच्या संस्थेत जाऊन यंत्रावर स्वेटर विणायला शिकला. (विणकाम! जगातल्या सगळ्या अंधशाळांना हा एकच उद्योग कसा सुचतो, न कळे.) पुढे तो पुन्हा धावू लागला आणि २००० सालच्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये ५००० मीटरांच्या शर्यतीत उतरला. शर्यत अखेरीस आली तेव्हा थकला तो हेन्री नव्हे, त्याचा सांगाती. झोकांड्या खाणाऱ्या त्या डोळस माणसास आंधळ्याने धीर देत, जवळजवळ ओढत, शेवटच्या रेषेपर्यंत नेले व सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर हेन्रीने आपला बालमित्र जोसेफ किबुंजा यास सांगाती केले. जोसेफने मित्रासाठी आपला वेग वाढविला, आणि २००५ साली हाम्बुर्ग येथे दोघांनी मिळून मॅरेथॉन २ तास ३१ मिनिटे ३१ सेकंदांत पुरी केली. अंधांमधला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

केनियात ही गोष्ट मैत्रीवर निभावली. जपानने ती मैत्रीवर सोडली नाही. तेथे १९८४ साली अंधांच्या मॅरेथॉनसाठी स्वतंत्र संघटना स्थापन झाली. टोकियोच्या योयोगी उद्यानात ठरल्या दिवशी अंध धावणारे व डोळस सोबती एकत्र जमतात, जोड्या लागतात आणि धावायला निघतात. नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त लोक, असे कोणीही येते व बान्सो शिकते. या शिस्तीची फळे दिसली. १९९६ साली अटलांटा येथे पूर्ण अंधांची मॅरेथॉन जपानच्या हारुमी यानागावाने जिंकली, २००४ साली अथेन्सला युइची ताकाहाशीने. स्त्रियांना मात्र पॅरालिंपिकमध्ये अंधांच्या मॅरेथॉनचा दरवाजा उघडला तो थेट २०१६ साली, रिओमध्ये. डोळस स्त्रियांची ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ सालीच सुरू झालेली होती! बत्तीस वर्षांचे हे अंतर अंध स्त्रियांच्या पायांतील दुबळेपणामुळे पडले, असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. राष्ट्रीय अंधजन मंडळाची स्थापना मुंबईस १९५२ साली झाली. मुंबईची मोठी मॅरेथॉन सुरू झाली फेब्रुवारी २००४ मध्ये. तिच्यात अंध धावणारेही येऊ लागले. चाळिशीत दृष्टी गमावलेल्या अमरजितसिंग चावला यांचे नाव मुंबईच्या धावणाऱ्यांस परिचित आहे. मैदानी शर्यतींत उत्तर प्रदेशचा अंकुर धामा २०१६ साली रिओला १५०० मीटर धावला. कर्नाटकच्या चिकमगळूरकडील रक्षिता राजू हिने २०१८ व २०२३ सालच्या आशियाई पॅरा सामन्यांत १५०० मीटरांचे सुवर्ण मिळविले, तिचा सांगाती राहुल बालकृष्ण. या सर्वांच्या यशामागे एकेक सांगाती उभा आहे, आणि तो बहुधा प्रशिक्षक, मित्र किंवा भाऊ यांपैकी कोणीतरी आहे. योयोगीसारखी सार्वजनिक सोय आपल्याकडे मूळ धरू शकलेली नाही. मोठ्या शहरांतील काही हौशी मंडळी हे काम मनोभावे करतात, त्यांचे आम्हांस कौतुक आहे. पण नर्मदेच्या खोऱ्यातील एखाद्या खेड्यात जन्मलेल्या अंध मुलीने पहाटे पाच वाजता कोणाच्या हाती दोरीचे दुसरे टोक द्यावे? तिच्यापेक्षा वेगाने धावणारा, रोज तास-दोन तास मोकळा असणारा, आणि जिच्या घरच्यांनी तिला त्याच्याबरोबर निर्धास्तपणे रस्त्यावर सोडावे असा मनुष्य तिने आणावा कोठून? शेवटची अट सर्वांत अवघड, हे भारतीय वाचकास समजावून सांगायला नको.

येथेच आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर सापडते असे आम्हांस वाटते. मध्यप्रदेशात २०१४ च्या सुमारास अंध मुलींसाठी काम करणाऱ्या साइटसेव्हर्स व तिच्या सहकारी संस्थांनी ज्यूदो शिकविण्यास आरंभ केला, तो पदकांसाठी नव्हे. अंध मुलींवर होणारे अत्याचार हे त्यामागचे कारण होते. मुलीला स्वतःचे रक्षण करता यावे, तिने घराबाहेर पाऊल टाकावे, एवढाच हेतू. गादी मिळाली, शिक्षक मिळाला, की पुढची गरज आणखी एका अंध मुलीची, आणि ती तर शेजारीच उभी असते. जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा तालुक्याची जानकी गौड ही आदिवासी मुलगी पाच वर्षांची असताना गोवराने दृष्टी गमावून बसली होती. ती या शिक्षणातून पुढे आली आणि २०१७ साली ताश्कंद येथील अंधांच्या आशियाई-ओशनिया ज्यूदो स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली. स्वसंरक्षणासाठी शिकलेली विद्या परदेशी पोचली, ती अशी.

ज्यूदोची ही सोय त्याच्या घडणीतच आहे. जपानच्या जिगोरो कानो याने १८८२ साली ही विद्या शाळेच्या रूपात उभी केली. आपल्या कुस्तीशी तिचे नाते मातीवरच्या कुस्तीचे गादीवरच्या कुस्तीशी असावे तितकेच जवळचे. डोळसांच्या ज्यूदोत आरंभी खडाखडी चालते, एकमेकांचा अंदाज घेतला जातो. अंधांच्या ज्यूदोत ती गाळलेली आहे: दोघांनी प्रथमच एकमेकांच्या अंगरख्याची बाही व गळपट्टी धरायची, मग पंचाने लढत सुरू करायची. पकड सुटली की लढत थांबते, दोघांना पुन्हा मध्यभागी आणून पुन्हा पकड दिली जाते. यापलीकडे नियमांत फारसा फरक नाही. एकदा पकड बसली की प्रतिस्पर्ध्याचे वजन, त्याचा झोक, त्याच्या मनातला डाव, सारे हातांतून कळू लागते. डोळ्यांचे काम तेथे दुय्यम. आंधळ्या धृतराष्ट्राच्या मिठीची धास्ती कृष्णाला होती, म्हणूनच त्याने भीमाऐवजी लोखंडी पुतळा पुढे केला आणि त्या मिठीत पुतळ्याचा चुराडा झाला. आमच्या पुराणकारांना ही गोष्ट ठाऊक होती. सुदैवाने आजच्या अंध मल्लांच्या मिठीत सूड नाही. पुरुषांचा हा ज्यूदो १९८८ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे, स्त्रियांचा २००४ पासून. २०२२ पासून पूर्ण अंध व अल्पदृष्टी असे दोन निराळे गट झाले आणि पूर्ण अंधांची बरीच गैरसोय दूर झाली.

कपिल परमारला याचा लाभ मिळाला. लहानपणी शेतात खेळताना पाण्याच्या पंपाला हात लागून त्याला विजेचा जबर धक्का बसला. गावकऱ्यांना तो बेशुद्ध सापडला. भोपाळच्या रुग्णालयात तो सहा महिने बेशुद्धीत होता. वडील टॅक्सी चालवीत. कपिल व त्याचा भाऊ ललित यांनी मिळून चहाची टपरी चालविली व त्या मिळकतीवर सराव टिकवला. भगवानदास व मनोज या शिक्षकांनी त्याला अंधांच्या ज्यूदोची वाट दाखविली. २०१९ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, हांगझोऊ येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई पॅरा सामन्यांत रौप्य, आणि मग पॅरिस. तेथे पहिली लढत त्याने व्हेनेझुएलाच्या मल्लाशी १०-० अशी जिंकली, इराणच्या मल्लाकडून तितक्याच गुणांनी हरला, आणि कांस्यासाठीच्या लढतीत ब्राझीलच्या मल्लास पुन्हा १०-० असे चीत केले. त्याला २०२४ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. गादीवर तो एकटा उतरतो हे खरे. पण टपरीवरचा ललित हाही एका अर्थी सांगातीच, आणि त्याच्यासाठी कोणत्याही नियमात तरतूद नाही. धावण्यात निदान तेवढी झाली आहे: २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकपासून विजेत्याच्या सांगात्यालाही पदक मिळते. म्हणून कपिलनंतर दोनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, २०० मीटरांत कांस्य मिळविणाऱ्या सिमरन शर्माच्या शेजारी तिचा सांगाती अभय सिंह हाही उभा होता.

आणि ८ सप्टेंबरला, त्याच पॅरिसमध्ये, अंध स्त्रियांची मॅरेथॉन झाली. मोरोक्कोची फातिमा एझाहरा एल इद्रिसी हिने ती २ तास ४८ मिनिटे ३६ सेकंदांत, जागतिक विक्रमाने, जिंकली. तिसरी येत होती स्पेनची एलेना कोंगोस्त, २०१६ च्या रिओमधील पहिल्याच अंध स्त्री-मॅरेथॉनची विजेती व चार मुलांची आई. चौथी तिच्या तीन मिनिटे मागे होती. शेवटची रेषा हाकेच्या अंतरावर असताना एलेनाचा सांगाती मिया कारोल याच्या पायांत गोळे आले व तो कोसळू लागला. तिने क्षणभर दोरी सोडली, त्याला सावरले, पुन्हा दोरी धरली आणि दोघांनी रेषा ओलांडली. दोरी सुटली या कारणास्तव पंचांनी तिला बाद केले. कांस्य जपानच्या मिसातो मिचिशिताला देण्यात आले.

दोरी धरून ठेवण्याचा नियम कशासाठी, हे आम्ही जाणतो. सांगात्याने अंध धावपटूस वाऱ्यावर सोडू नये, दोघांनी अलग होऊन कोणी गैरफायदा घेऊ नये, यासाठी तो आहे, आणि तो असावाच. पण नियम करणाऱ्यांच्या मनात पडणारा नेहमी अंध होता, आणि सावरणारा नेहमी डोळस. सिडनीत हेन्रीने थकलेल्या सांगात्यास ओढत नेले तेव्हा दोरी त्याच्या हातात राहिली, म्हणून सुवर्ण त्याचे झाले. पॅरिसमध्ये एलेनाच्या हातातून ती क्षणभर सुटली. दोघांनी केले ते एकच. तीन मिनिटांची आघाडी असताना त्या क्षणाने तिचा काहीएक फायदा झाला नाही, उलट खोळंबाच झाला. पंचांना नियमाचे अक्षर पाळणे भाग होते असे मानले, तरी पडणाऱ्या सोबत्याला अंधाने हात दिल्यास काय करावे यासाठी एक ओळ त्या नियमांत घालण्यास कोणाचे काय जाणार आहे?

मिचिशिताच्या पदकाविषयी कोणाच्या मनात किल्मिष नसावे. तीही याच वाटेने, सांगात्यांबरोबर मैलोन् मैल धावून तेथवर आलेली होती.